किमान वेतन वाढले तर गल्ल्याचे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारची वेतन संहिता देशभर लागू झाली आणि तेव्हापासून आमच्या देवणीच्या बाजारात दुपारच्या निवांत वेळी एकच विषय निघू लागला आहे. नोकराला आता किती पगार द्यावा लागणार? एक व्यापारी बंधू म्हणतात की किमान वेतन असेच वाढत गेले तर छोटे दुकान बंद करावे लागेल. दुसरे म्हणतात की मजुराच्या हातात पैसा आला तर तो शेवटी आपल्याच पेठेत येणार, मग भिता कशाला? कापडाच्या गादीवर बसून आम्ही गेली तीस-पस्तीस वर्षे या दोन्ही बाजू ऐकत आलो आहोत. आमच्या मते दोघांचेही म्हणणे निम्मे खरे आहे. राहिलेले निम्मे समजून घ्यावे, यासाठी हा लेखप्रपंच.

कायद्यात मोजलेले कापड

किमान वेतनाचा कायदा काही नवा नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, १९४८ साली तो झाला. त्याला उद्योगांची एक यादी जोडलेली होती. शेतमजुरी, विडी, यंत्रमाग, दुकाने असे जे काम त्या यादीत येईल त्यालाच किमान वेतन लागू होत असे. दर निदान पाच वर्षांतून एकदा तपासावेत असा दंडकही होता. २०१९ साली संसदेने मंजूर केलेल्या वेतन संहितेत हा कायदा आणि पगार, बोनस व समान मोबदला यांविषयीचे आणखी तीन कायदे एकत्र करण्यात आले. आता यादी उरलेली नाही. काम कोणतेही असो, मजुरीने माणूस ठेवला की किमान वेतन लागू झाले. एकच नोकर असलेले दुकानही यातून सुटत नाही. खरे सांगायचे तर जुन्या कायद्यातही ते सुटत नव्हते. आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक नव्हते, आणि काहींनी ठाऊक असून विसरल्यासारखे केले होते.

हा दर कोणाच्या मर्जीने ठरतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही, निदान कागदावर तरी नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार यांनी बसून एक हिशोब घालून दिला. कमावता माणूस, त्याची बायको आणि दोन मुले असे घर धरावे. मोठ्या माणसाला रोज २,७०० उष्मांक मिळतील एवढे अन्न धरावे. माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांना ७२ वार कापड धरावे. वर घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा धरावा. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात मुलांचे शिक्षण, दवापाणी, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी शेकडा २५ धरावेत असे सांगितले.

७२ वार म्हणजे सुमारे ६६ मीटर. २०२० साली केंद्राने संहितेच्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यातही कापडाचा आकडा ६६ मीटरच आहे. कापडवाल्याने हा आकडा जरा थांबून पाहावा. साडेपाच मीटरच्या चार साड्या धरल्या तर २२ मीटर झाले. पुरुषाचे पँट-शर्टचे तीन जोड म्हणजे साधारण साडेदहा मीटर. दोन लेकरांचे शाळेचे आणि घरचे मिळून प्रत्येकी तीन जोड धरले तर आणखी १२ मीटर. तरीही वीसएक मीटर शिल्लक राहतात, त्यात ब्लाऊज, परकर, चादरी, टॉवेल आले. आमच्या वहीचा अनुभव असा की मजुराच्या घरात वर्षाकाठी याच्या निम्मे कापडही जात नाही. लेकीची साडी ईदला किंवा दिवाळीला, लेकराचा गणवेश जूनमध्ये, आणि बाकी सगळे जुनेच. म्हणजे कायद्याच्या हिशोबात जे कापड विकले गेले आहे, ते आमच्या फळीवरच घडी घालून पडलेले आहे. किमान वेतनाकडे केवळ खर्च म्हणून पाहू नये असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी.

दुकानाच्या वहीतला हिशोब

आता दुसरी बाजू. समजा, आमच्यासारख्या गावात एका कपड्याच्या दुकानाची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आहे. खरेदी वजा जाता शेकडा १८ प्रमाणे ५४,००० रुपये हाती आले. त्यातून भाडे ८,०००, वीज व इतर ४,०००, वाहतूक, तूट आणि बुडीत उधारी मिळून ६,०००, आणि दोन नोकरांचे १६,०००. मालकाच्या घरासाठी २०,००० उरले. अशात दोघांचे मिळून वेतन ४,००० रुपयांनी वाढले.

विक्रीच्या मानाने ही रक्कम शेकडा सव्वा-दीड रुपयाच्या आत आहे. ५०० रुपयांच्या साडीवर सहा-सात रुपये चढवले की ती वसूल होते. घासाघीस करताना एवढे तर आपण गिऱ्हाइकाला सहज सोडतो. पण भाव चढवता आला नाही तर तेच ४,००० मालकाच्या २०,००० मधून जातात, म्हणजे त्याच्या मिळकतीचा पाचवा हिस्सा. विक्री वाढवून भरून काढायचे म्हटले तर दरमहा आणखी २२,००० रुपयांचा माल खपला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या खिजगणतीत नसलेली रक्कम मालकाच्या जिव्हारी लागते, आणि छोटे दुकानदार घाबरतात ते उगाच नव्हे.

यातून एक गोष्ट दिसते. वाढीव वेतन बाजारातल्या सगळ्यांनी दिले तर सगळ्यांचाच भाव सहा-सात रुपयांनी वर सरकतो आणि कोणाचे बिघडत नाही. एकाने दिले आणि शेजारच्याने दिले नाही, तर देणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारी जाते. म्हणून कायद्याची अंमलबजावणी अर्धवट असली की तिचा भार नेमका प्रामाणिक माणसावर पडतो. व्यापारी संघटनांनी निवेदने द्यायचीच असतील तर वेतन वाढवू नका अशी देण्याऐवजी, सगळ्यांकडून सारखे वसूल करा अशी द्यावीत, असे आमचे मत आहे. ते सर्वांना पटणार नाही याची आम्हाला कल्पना आहे.

दुकानदार आणखी एक मार्ग काढतात. एक नोकर कमी करतात आणि दहावी-बारावीतल्या मुलाला गादीवर बसवतात. आपल्या समाजात हे फार चालते. पगार वाचला असे वाटते, पण मुलाचे शिक्षण सुटले ते कोणत्या खात्यावर लिहायचे? आम्ही स्वतः शाळा संपताच दुकानात बसलो, त्यामुळे हे जरा अधिकाराने लिहितो.

मालाच्या खरेदीभावाविषयीही मोठा गैरसमज आहे. विणकराची मजुरी वाढली की कापड महागते असे सांगितले जाते. परंतु यंत्रमागावरची मजुरी मीटरमागे पैशांत मोजली जाते. २०१३ साली इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी मोठा संप केला, तेव्हाही भांडण मीटरमागच्या काही पैशांचेच होते. सव्वादोन मीटरच्या शर्टपीसवर त्याचा परिणाम किती होणार? सुताचा भाव वाढला की कापड महागते, हे सोलापूर, मालेगाव, भिवंडीहून माल आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुकानांसाठीचे महाराष्ट्रातले दर २०१० साली ठरले होते आणि त्यानंतर थेट २०१९ साली सुधारले. पाच वर्षांचा दंडक असून नऊ वर्षे गेली. मोठ्या शहरांच्या परिमंडळात अकुशल माणसाचे मूळ वेतन ५,००० रुपये होते ते १०,००० च्या थोडे वर गेले. दुप्पट झाले म्हणून ओरड झाली. वास्तविक महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, सुधारत होताच. ज्याने तो नियमाने दिला त्याला उडी लहान होती. ज्याने नऊ वर्षांत भत्ता दिलाच नाही, त्याला ती मोठी वाटली.

१९८८ साली काय झाले

मजुराच्या हातात पैसा दिला की बाजार आपोआप चालतो, असे म्हणणाऱ्या बंधूंसाठी आपल्याच महाराष्ट्रात घडलेले एक उदाहरण आहे. ते रोजगार हमी योजनेचे. १९७२ च्या दुष्काळात या योजनेने खरा आकार घेतला. वि. स. पागे हे तिचे जनक मानले जातात. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी सरकारने घेतली. पाझर तलाव, बांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे निघत. मजुरी कामाच्या मापावर मिळे, पण मापाचे दर असे बांधलेले होते की नेटाने काम करणाऱ्या साधारण माणसाला शेतमजुरीच्या किमान वेतनाइतके पैसे सुटावेत.

पैसा कोठून येई, तेही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे. त्यासाठीच १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर बसवला गेला. आपण आजही वर्षाला २,५०० रुपये भरतो तो हाच कर. जेवढा कर गोळा होईल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्याकडून घालावी, अशी व्यवस्था होती.

१९८८ साली राज्यातले शेतमजुरीचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट करण्यात आले. त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही तशीच वाढली. सरकारला स्वतःच्या कामावर किमान वेतनाहून कमी देणे सोपे नव्हते. १९८३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या दुष्काळी कामांच्या खटल्यात म्हटले होते की किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे वेठबिगारीच होय.

आम्ही तेव्हा नुकतेच दुकानात बसू लागलो होतो. देवणीचा तालुका व्हायचा होता, आम्ही उदगीर तालुक्यात होतो. हजेरीपटाचे पैसे वाटले गेले की त्या आठवड्यात बाजाराला आलेल्या बायकांचा हात वेगळाच दिसे. ज्या मांजरपाटाचा तुकडा मागत त्या छापील वायलला हात लावू लागल्या. अब्बांच्या उधारीच्या वहीत जुनी नावे खोडली गेली. अब्बा म्हणाले, असा एक हंगाम अजून मिळाला तर दुकानाचा पत्रा काढून स्लॅब टाकू. स्लॅब पडला तो पुढे कितीतरी वर्षांनी. कारण जिकडे पूर्वी तीन कामे चालत तिकडे एक चालू राहिले, आणि काही मजूर काम मागून मागून थकले.

हे आमच्या गावापुरते नव्हते. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९८८ च्या या वाढीचा अभ्यास केला आणि १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. पाऊसपाणी, हंगाम वगैरे कारणे हिशोबात धरूनही मजुरी वाढल्यानंतर योजनेवरचे काम घटले, असे त्यांना आढळले. हमी कायद्यात तशीच राहिली, पण प्रत्यक्षात कामाची वाटणी होऊ लागली. नवीन कामे सुरू करण्यात चालढकल झाली की काम मागणारा आपोआप मागे फिरतो. त्याला नाही म्हणावेही लागत नाही.

कारण साधे आहे. समजा, एका भागासाठी १२ लाख रुपये आहेत. रोजची मजुरी ६ रुपये असेल तर २ लाख दिवसांचे काम निघते. मजुरी १२ रुपये केली आणि रक्कम तेवढीच ठेवली, तर १ लाख दिवसांचेच निघते. बाजारात येणारा पैसा दोन्ही वेळा १२ लाखच. फरक एवढाच की पूर्वी दोन घरांत थोडे थोडे जात होते, आता एका घरात पुरेसे जाते आणि दुसऱ्या घरात काहीच जात नाही. ज्या घरात पुरेसे गेले ते वायल घेते. दुसरे घर आपली जुनी उधारीही फेडू शकत नाही.

याचा अर्थ मजुरी वाढवायला नको होती असा कोणी काढू नये. ६ रुपयांत दिवसभर खडी फोडणे हा जुलूमच होता. मजुरीबरोबर रक्कमही वाढवायला हवी होती, ती तेवढी वाढवली गेली नाही. म्हणून वेतनवाढीची बातमी वाचताना आम्ही नेहमी दोन आकडे शोधतो. रोज किती, आणि वर्षात दिवस किती. व्यापाऱ्याच्या कामाचा आकडा या दोहोंचा गुणाकार आहे.

काम केव्हा निघून जाते

सरकारच्या कामाचे हे झाले. शेतीत काय होते ते आम्ही रोज पाहतो. आमच्या भागात सोयाबीन हेच मुख्य पीक झाले आहे. पूर्वी श्रावणात खुरपणीला बायकांच्या टोळ्या लागत आणि त्यांच्या मजुरीवर राखी, ईद, पोळा असे सण पार पडत. आता तणनाशकाची फवारणी एक माणूस सकाळभरात करतो. काढणीला यंत्र येते. देवणी म्हटले की बाहेरच्या लोकांना देवणी जातीची बैले आठवतात, पण बैल सांभाळणारा सालगडी पाडव्याला मिळेनासा झाला तसा ट्रॅक्टर दारात उभा राहिला.

हे सगळे वेतन कायद्याने झाले असे म्हणणे चूक ठरेल. शेतमजुराला किमान वेतन मिळते की नाही हे पाहायला बांधावर कोण येतो? तरुण माणसे पुण्या-हैदराबादकडे गेली, राहिलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली आणि शेतकऱ्याला यंत्र स्वस्त पडू लागले. शेतकऱ्याचीही ऐपत पाहावी लागते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भावाने माल विकला गेला. ज्याला स्वतःचा किमान भाव मिळत नाही, त्याने दुसऱ्याला किमान वेतन कोठून द्यावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तरी फक्त मजुरी वाढवून किंवा फक्त रोखून मिळालेले नाही.

काम जाण्याची दुसरी वाट म्हणजे सीमा. आमच्या गावापासून कर्नाटकाची हद्द जवळ आहे. दोन्हीकडे दर वेगळे असतील किंवा एकीकडे कायदा कडक आणि दुसरीकडे ढिला असेल, तर जे काम पिशवीत घालून नेता येते ते हद्द ओलांडते. विडीचे काम असेच असते. १९६६ साली विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. केरळ सरकारने तो अमलात आणायला घेतला, तेव्हा मंगळूरच्या गणेश विडी या मोठ्या कंपनीने १९६८ साली कण्णूर भागातले आपले काम बंद केले आणि सुमारे १२,००० माणसे एकदम रिकामी झाली. एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण सरकारच्या मदतीने त्या कामगारांनी १९६९ साली दिनेश विडी नावाची सहकारी संस्था काढली, ठरलेले वेतन देऊन ती चालवून दाखवली, आणि पुढे विडीचा खप कमी झाल्यावर छत्र्या, खाद्यपदार्थ, कपडे अशा धंद्यांत ती उतरली. कारागीर बांधवांनी ही हकीकत आवर्जून समजून घ्यावी. मालक उठून गेला तरी हुन्नर कारागिराच्या हातातच राहतो.

आमच्या दुकानातला धडा

वेतन वाढले की नोकऱ्या जातात, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षे जवळजवळ ठरलेलेच होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते जुनेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोघांनी हद्दीच्या दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ४१० खानावळीवजा हॉटेले वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. नोकर कमी झाल्याचे त्यांना दिसले नाही. त्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यावर खूप वाद झाला, आणि २०२१ साली कार्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्रूगर त्याआधी २०१९ साली वारले होते.

असे कसे होऊ शकते, हे कळायला आम्हाला अमेरिकेला जावे लागले नाही. आमच्या दुकानात एक मुलगा अकरा वर्षे होता. कोणत्या गावच्या बाईला कोणता काठ आवडतो, कोणाची उधारी बुडत नाही, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. आम्ही त्याला किमान वेतनापेक्षा कमीच देत होतो. घरच्यासारखा आहे, दुपारचे जेवण आपल्याकडेच करतो, असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घालत असू. एक दिवस तो हैदराबादला गेला. त्यानंतर दोन वर्षांत पाच मुले आली आणि गेली. एकाला मापातले कळत नव्हते, एकाने थानच चुकीचे फाडले, एक हंगामाच्या ऐन गर्दीत येईनासा झाला. त्या दोन वर्षांत जे नुकसान झाले त्याचा हिशोब आम्ही पुढे मांडला. अकरा वर्षांत वाचवलेल्या पगारातला मोठा भाग त्यात निघून गेला होता. चांगले वेतन दिले की माणूस टिकतो, शिकवण्याचा खर्च वाचतो आणि रिकामी जागा राहत नाही. न्यू जर्सीतल्या हॉटेलांचेही असेच काही झाले असावे, असे पुष्कळ अर्थतज्ज्ञ मानतात. अर्थात हे मर्यादेत खरे आहे. वेतन एकदम तिप्पट केले तर कोणतीही समजूतदारी दुकान वाचवणार नाही.

शिलाईवाल्यांसाठी आणि दुकानदारांसाठी

नगावर काम करणाऱ्यांना वाटते की किमान वेतन पगारी माणसासाठी असते. तसे नाही. १९४८ च्या कायद्यात तर घरी माल नेऊन काम करणाराही कामगारात धरलेला होता, आणि नव्या संहितेतही नगाचा दर असा असावा लागतो की त्याने दिवसाच्या किमान वेतनाची हमी राहील. समजा, कुशल कारागिराचा दिवसाचा दर ४५० रुपये आहे आणि चांगला हात आठ तासांत सहा शर्ट शिवतो. तर शर्टामागे ७५ रुपयांहून कमी देता येणार नाही. काज-बटण करणाऱ्या बायकांचा दर कधी कोणी असा काढून पाहिला आहे काय? आमच्या भागात तो दर शेजारीण काय घेते यावरून ठरतो, आणि ती शेजारीणही दुसऱ्या कोणाकडे पाहूनच ठरवत असते.

दर गावानुसार बदलतात. दुकानांसाठी महापालिकेच्या हद्दीला एक परिमंडळ, नगरपालिकांच्या शहरांना दुसरे आणि उरलेल्या भागाला तिसरे अशी वाटणी केलेली आहे. त्यामुळे लातूर-नांदेडच्या दुकानाचा आकडा आणि आपल्या गावचा आकडा एक नसतो. राज्याने आधी जाहीर केलेले दर नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे पुढे चालू राहतात. चालू आकडा लातूरच्या कामगार कार्यालयात विचारून दुकानात लावून ठेवावा. बाजारातल्या ऐकीव आकड्यांवर विसंबू नये.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही हदीसची ताकीद आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. त्या मानाने सरकारने बरीच मुदत दिली आहे. नोकर सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशोब चुकता करावा लागतो. उचल दिलेली असेल तर ती पगारातून कापता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कमी वेतन दिल्याचे सिद्ध झाले तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा तसेच घडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोकराला मागची तीन वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते. म्हणून पगाराची वही लिहा आणि सही किंवा अंगठा घ्या. ती वही मालकाच्याही कामी येते.

राहिला रमजानचा प्रश्न. शेवटच्या दहा रात्री आपण दुकाने उशिरापर्यंत उघडी ठेवतो आणि दोन-चार मुले तेवढ्यापुरती घेतो. त्यांनाही किमान वेतन लागू आहे, आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम झाले तर जादा तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. दिवसाचे ४०० रुपये धरले तर आठ तासांत तासाला ५० पडले, जादा तासाला १००. रोज चार तास जादा म्हणजे ४००, दहा रात्रींचे ४,००० झाले. पुष्कळ दुकानदार चाँदरातीला मुलाच्या हातात हजार-दोन हजार आणि एक जोड कपडा ठेवतात आणि हिशोब झाला असे समजतात. ईदी जरूर द्यावी, पण ती या ४,००० मध्ये धरता येत नाही.